पेटीतली चिठ्ठी

(प्रभागसंघाच्या सप्टेंबर महिन्याच्या सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताई जे बोलल्या ते इथे छापत आहोत. त्या दिवशी काही गटांना येता आलं नाही, त्यांनी मागणी केली होती. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



अध्यक्षताईंनी मला पंधरा मिनिटं दिलीत. विषय दिलाय 'शाळेतल्या मुलांची आरोग्य तपासणी'. विषय ऐकून मागच्या ओळीतल्या दोघीतिघींनी जांभई दिली, मी बघितलं. खरंय, असं भाषण आपण सगळ्यांनी ऐकलंय. हात धुवा, नखं कापा, हिरव्या भाज्या खा. ते मी आज सांगणार नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी एका चिठ्ठीबद्दल बोलणार आहे.

पोळा झाला. आता दसरा, मग दिवाळी, आणि मग आपल्यातल्या निम्म्या घरांना कुलूप लागणार. मुकादमाकडून उचल घेतलीय त्यांचे ट्रॅक्टर दारात उभे राहणार आणि गाव कारखान्यावर जाणार. म्हणून हे आत्ताच बोलायचंय. दिवाळीनंतर बोलून उपयोग नाही, ऐकायला तुम्ही इथे नसाल.

शाळेत वर्षातून एकदा डॉक्टरांची गाडी येते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. गाडीत साधारणपणे दोन डॉक्टर असतात, एक ताई आणि एक दादा, सोबत नर्सताई आणि औषधं देणारे. या कामाचं सरकारी नाव आहे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ साली फेब्रुवारीत याची सुरुवात आपल्याच राज्यात झाली, पालघरला. जन्मल्यापासून अठरा वर्षांपर्यंतच्या लेकरांसाठी तो आहे. ते चार गोष्टी बघतात: जन्मापासूनचं काही व्यंग, अंगात कशाची कमतरता, काही आजार, आणि लेकराची वाढ व समज वयाप्रमाणे होतेय का. शेवटचं आपल्याला फारसं माहीत नसतं. आपल्याला वाटतं तपासणी म्हणजे वजनकाटा आणि जीभ बाहेर काढणं.

तर ही गाडी येते, लेकरं रांगेत उभी राहतात, तपासणी होते. ज्याच्यात काही सापडलं त्याला एक चिठ्ठी मिळते. पुढे अमक्या दवाखान्यात दाखवा म्हणून. ती चिठ्ठी दप्तरातून घरी येते. आणि घरी आल्यावर तिचं काय होतं?

माझ्या चिठ्ठीचं काय झालं ते सांगते.

मी सहावीत होते. तेव्हाही शाळेत डॉक्टर यायचे. मला एक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, माझ्या काही ती वाचून झाली नाहीत. चिठ्ठी मिळाली. आई तेव्हा बचत गटात होती, अजूनही आहे. तिने ती चिठ्ठी नीट घडी घालून लोखंडी पेटीत ठेवली, रेशनकार्ड आणि सातबाऱ्याच्या सोबत. तिच्या लेखी तो महत्त्वाचा कागद होता, म्हणूनच पेटीत ठेवला! टाकून दिला असता तर मी तिच्यावर चिडले तरी असते. पुढच्या आठवड्यात कापूस वेचणी लागली, मग दिवाळी, मग आजीचं आजारपण. चिठ्ठी पेटीतच राहिली.

मी फळ्यावरचं ८ वाचून वहीत ३ लिहायची. गणित चुकायचं. मार खायची. एस.टी.ची पाटी मला वाचता यायची नाही, मी शेजारच्या पोरीला विचारायची, 'कोणती गाय गं?' म्हणजे कोणती गाडी. ती हसायची. मला वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं आणि मीच मठ्ठ आहे. अकरावीत कॉलेजला गेल्यावर मैत्रिणीचा चष्मा गंमत म्हणून लावून बघितला तेव्हा कळलं. पाच वर्षं गेली मधे. आई आजही तो विषय निघाला की उठून चहा टाकायला जाते. मी तिला कधी दोष दिला नाही, पण ती स्वतःला देते.

हे मी सांगतेय, कारण मला वाटायचं की मी एवढी शिकले, एम.एस.डब्ल्यू. केलं, आता माझ्या हातून अशी चूक व्हायची नाही. झाली.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात कारखान्यावरून परत आलेल्या लेकरांचा मी एका गावात मंदिरात अभ्यासवर्ग घेत होते. त्यात चौथीतलं एक पोरगं होतं. गोड पोरगं. पण एक सांगावं तर ते दुसरंच करायचं. 'पान बारा काढ' म्हटलं की ते शेजारच्याच्या वहीत बघायचं. हाक मारली की दोनदा मारावी लागायची. एक दिवस त्याची आई न्यायला आली तर मी तिला सरळ म्हणाले, 'ताई, याचं लक्षच नसतं हो. फार टवाळ आहे.' ती म्हणाली, 'घरी बी असंच करतंय, म्याडम. हाक मारून मारून घसा सुकतो.' आणि माझ्यासमोर तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मी काही बोलले नाही. उलट मला वाटलं, बरं झालं, आता ऐकेल.

ऑगस्टमध्ये शाळेत डॉक्टरांची गाडी आली. मी योगायोगाने तिथेच होते. डॉक्टर ताईंनी त्या पोराच्या कानात बॅटरी धरून बघितलं आणि मला बोलावलं. डाव्या कानात पू होता. पडद्याला भोक. उजवाही पूर्ण बरा नव्हता. त्या म्हणाल्या, 'याला मागून हाक मारली तर ऐकूच जात नसेल.' ते लेकरू इतके दिवस माझ्या ओठांकडे बघून अंदाजाने चाललं होतं. शेजारच्याच्या वहीत बघायचं ते त्यासाठी. आणि मी त्याला टवाळ ठरवून मार मिळवून दिला होता.

मी त्या मायलेकरांची माफी मागितली. ती माय म्हणाली, 'जाऊ द्या, कान तर लहानपणापासून वाहतोय. पावसाळ्यात वाहतो, उन्हाळ्यात राहतो. म्हातारी लसूण घालून तेल कढवून टाकायची.'

इथे थांबून सांगते. वाहत्या कानात तेल टाकायचं नाही. गरमही नाही, कोमटही नाही, लसणाचंही नाही. पडद्याला भोक असेल तर ते सरळ आत जातं. काडी, पिन, कोंबडीचं पीस काही घालायचं नाही. कान कोरडा ठेवायचा, अंघोळीच्या वेळी कापसाला जरा व्हॅसलीन लावून कानाच्या तोंडाशी बसवायचा, नदी-विहिरीत डुबकी बंद, आणि डॉक्टरांकडे न्यायचं. कान वाहतोय आणि सोबत ताप, कानामागे सूज, चक्कर किंवा जोराची डोकेदुखी असेल तर त्याच दिवशी न्यायचं, उद्यावर टाकायचं नाही.

तर त्या लेकराला चिठ्ठी मिळाली. ग्रामीण रुग्णालयात दाखवा, तिथून जिल्ह्याला. जिल्ह्याला सरकारी दवाखान्यात लेकरांसाठी वेगळं केंद्र असतं, डीईआयसी म्हणतात. कानाचे, बोलण्याचे, डोळ्यांचे, दातांचे, मनाच्या वाढीचे असे जाणकार तिथे एका ठिकाणी भेटावेत अशी सोय केलेली असते. उपचाराला पैसे लागत नाहीत. ऑपरेशन निघालं तर तेही कार्यक्रमातून किंवा महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून मोफत होऊ शकतं, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवायचं.

मी हे सगळं त्या ताईला समजावून आले आणि समजले की काम झालं. पंधरा दिवसांनी विचारलं, 'गेलात का?' नाही. अजून आठ दिवसांनी विचारलं. नाही. मला राग आला. एवढं फुकट आहे, तरी जात नाहीत! शेवटी एका संध्याकाळी तिच्याजवळ चुलीपाशी बसले तेव्हा तिने हिशोब मांडला. तालुक्याला जायचं म्हणजे दोघांचं भाडं. एका दिवसात नंबर लागला नाही तर परत भाडं. खुरपणीचा रोज बुडतो. धाकटीला कुणाकडे ठेवायचं? घरधनी म्हणतो, कान वाहून कुणी मरत नाही. आणि उचल आधीच घेतलीय, ती घराच्या पत्र्यात गेलीय. मी म्हटलं, 'गटातून घ्यायचे ना.' तर ती खाली बघत म्हणाली, 'मागचा हप्ता थकलाय. कोणत्या तोंडानं मागू?'

बायांनो, उपचार फुकट आहे, पण दवाखान्याच्या दारापर्यंत जायला पैसे लागतात. हे मला पुस्तकात कुणी शिकवलं नाही.

पुढच्या बैठकीत मी तिच्या परवानगीने विषय काढला. आधी सगळ्या गप्प. मग आपल्याच एक आक्का आहेत, आज इथे बसल्यात, त्यांचं नाव घेणार नाही, त्या लाजतात. त्या म्हणाल्या, 'शेळीला कर्ज देतो आपण. शेळी मेली तर माफ पण करतो. लेकराच्या कानाला द्यायला काय झालं?' त्यावर कोषाध्यक्ष म्हणाल्या की थकबाकी असताना दुसरं कर्ज द्यायचं नाही असा आपलाच नियम आहे. नियम बरोबर आहे, तो मोडला तर गट मोडतो, हेही खरं. बराच वाद झाला. शेवटी ठरलं की गटाच्या अंतर्गत कर्जातून द्यायचं नाही, ग्रामसंघाच्या जोखीम निधीतून, ज्याला आपण व्हीआरएफ म्हणतो, त्यातून द्यायचं. तो निधी अशाच अडचणीसाठी असतो. धाकटीला सांभाळायचं आक्कांनी अंगावर घेतलं. आणि पहिल्या खेपेला मी सोबत गेले.

तीन खेपा झाल्या. औषधाने कान कोरडा पडला. ऐकण्याची तपासणी झाली, डाव्या कानाने बरंच कमी ऐकू येतं असं निघालं. पडद्याचं ऑपरेशन सांगितलं, पण कान काही दिवस कोरडा राहायला पाहिजे, मग करू म्हणाले. तोवर दिवाळी आली आणि ते कुटुंब ऊसतोडीला गेलं. फडात, धुरळ्यात, कोपीत राहून कान कोरडा कसा राहणार? मे महिन्यात परत आले तेव्हा पुन्हा वाहत होता. पुन्हा पहिल्यापासून. ऑपरेशन अजून व्हायचंय. मी खोटं सांगणार नाही, ते लेकरू अजूनही वाचनात मागे आहे. पण शाळेतल्या गुरुजींना चिठ्ठी दाखवली, तेव्हापासून ते त्याला पहिल्या बाकावर बसवतात, उजवा कान गुरुजींकडे येईल असं. फळ्याकडे तोंड करून बोलत नाहीत, त्याच्याकडे बघून बोलतात. आणि आई आता त्याला मागून हाक मारत नाही, समोर येऊन खांद्याला हात लावते.

आता गाडीची वाट न बघता घरी काय बघता येईल ते थोडं सांगते. ही डॉक्टरांची तपासणी नव्हे, पण शंका आली तर गाडीची वाट बघायची नाही, आशाताईंना सांगायचं.

डोळे. भिंतीवर मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर असतंच. लेकराला वीस फुटांवर, म्हणजे साधारण आठ-दहा पावलांवर उभं करायचं. आधी एक डोळा तळहाताने झाकायला लावायचा, मग दुसरा. दोन्ही डोळे वेगवेगळे बघायचे, हे महत्त्वाचं. एका डोळ्याने नीट दिसत असेल तर लेकरू तक्रार करत नाही, दुसरा डोळा तसाच आळशी होत जातो. असा आळशी डोळा सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर चष्मा लावून आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी ठेवून सुधारायची आशा जास्त असते, नंतर अवघड होत जातं. तिरळेपणाला 'लक्ष्मी' म्हणून सोडून देऊ नका. शाळकरी लेकरांना सरकारी कार्यक्रमातून चष्मा मोफत मिळतो. मुलीला चष्मा लागला तर लग्न जमत नाही असं म्हणणाऱ्यांना माझ्याकडे पाठवा. माझं अजून जमलेलं नाही ही गोष्ट वेगळी, त्याचा चष्म्याशी संबंध नाही!

कान तर सांगितलेच. लेकरू पाठमोरं असताना हळू आवाजात त्याच्या आवडीचं काहीतरी बोलायचं. 'बिस्कीट' म्हटल्यावर वळलं नाही तर समजा काहीतरी आहे.

दात. इथे आपली मोठी फसगत होते. सहा वर्षांच्या आसपास सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. ती येताना आधीचा दात पडत नाही, म्हणून आपल्याला वाटतं तीही दुधाचीच. किडली तर म्हणतो, पडेल आणि नवी येईल. ती पडली तर नवी येत नाही, ती जन्माची दाढ आहे. आज घरी जाऊन पहिली-दुसरीतल्या लेकराचं तोंड उघडून बघा.

रक्त. खालची पापणी ओढून बघायची, जीभ, नखं बघायची. पांढरट दिसतात का? लेकरू माती, खडू, भिंतीचा चुना खातंय का? खेळताना लवकर बसतंय का? पाच ते अकरा वर्षांच्या लेकराचं हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली असेल तर ते कमी आहे. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देतात, पाचवीपर्यंतच्या लहान लेकरांना गुलाबी, मोठ्यांना निळी. ती गोळी जेवणानंतर घ्यायची, उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि मग पोरी ती बाकाखाली टाकतात. मला माहितीये, मीही टाकलीय. गोळीने शी काळी होते, घाबरायचं नाही. गोळीवर चहा द्यायचा नाही, निदान तासभर. लिंबू पिळून दिलं तर लोह अंगाला चांगलं लागतं.

जंताची गोळी वर्षातून दोनदा असते, साधारण १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला, एक ते एकोणीस वर्षांच्या सगळ्यांना. आता बघा, फेब्रुवारीत आपली लेकरं कुठे असतात? उसाच्या फडात. म्हणजे आपल्याला हाताशी येते ती ऑगस्टची एकच. ती चुकवायची नाही. आणि कारखान्यावर असाल तर तिथल्या जवळच्या आरोग्य उपकेंद्रात जाऊन मागायची, ते 'तुमचं गाव हे नाही' असं म्हणू शकत नाहीत. लाजायचं नाही.

खेळताना दम लागून उकिडवं बसणारं लेकरू, ओठ-नखं निळसर होणारं, किंवा घसा दुखून ताप येऊन गेल्यावर सांधे सुजलेलं लेकरू, याला लगेच दाखवायचं. हृदयाचं असू शकतं. अंगावर फिकट चट्टा आणि त्या जागी टोचलेलं कळत नाही, हेही दाखवायचं. तो लवकर सापडला तर औषधाने पूर्ण बरा होतो आणि पुढचं व्यंग टळतं, पण लपवला तर टळत नाही. आणि फिट आली तर कांदा, चप्पल हुंगवायची नाही. दातात चमचा घालायचा नाही. लेकराला कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोकदार काही असेल ते सरकवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेली तर १०८ ला फोन. नंतर डॉक्टरांचं औषध सुरू झालं की एक दिवसही चुकवायचं नाही. अंगारा लावायचा असेल तर लावा, पण गोळी बंद करू नका.

आता सगळ्यात अवघड विषय. समजेचा.

एक मुलगी आहे, पाचवीत. घरात हुशार, दुकानातून सामान आणते, सुट्टे पैसे बरोबर मोजून घेते, गाणी पाठ. पण वाचायला दिलं की अक्षरं उलटसुलट. 'कप' ला 'पक' वाचते. लिहायला बसवलं की पोटात दुखतं. शाळेत तिला ढ म्हणतात. तपासणीत डॉक्टरांना शंका आली, अध्ययन अक्षमता असावी, पुढे मानसतज्ज्ञांकडे दाखवा म्हणून चिठ्ठी दिली. आईने ती चिठ्ठी चुलीत घातली. पेटीतसुद्धा ठेवली नाही. तिचं म्हणणं, 'पोरगी हाय. वेडी म्हणून कागद झाला तर उद्या कोण करील?'

मी त्या आईला चूक म्हणणार नाही. तिने गाव बघितलंय. पण अध्ययन अक्षमता म्हणजे वेड नव्हे, मतिमंदपणाही नव्हे. बुद्धी चांगली असते, पण मेंदूला अक्षर आणि आवाज यांची जोडी लावायला जड जातं. पहिली-दुसरीत बरीच लेकरं चुकतात, त्यामुळे साधारण आठ वर्षांच्या आधी याचा पक्का शिक्का मारत नाहीत. पण तिसरी-चौथीनंतरही तसंच असेल तर बघायलाच पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांना मान्यता आहे त्यात हा एक आहे. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जास्त वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. दहावीला नापास होऊन पोरगी घरी बसली की तिचं काय होतं ते तुम्हाला माहिती आहे. सोळाव्या वर्षी कोयता आणि नवरा, दोन्ही एकदम हातात येतात.

त्या आईशी माझं बोलणं चालू आहे. अजून ती हो म्हणालेली नाही. शाळेतून नवी चिठ्ठी करून घेता येते, ती मी करून ठेवलीय, माझ्या वहीत आहे. बोलताना मी 'आजार' हा शब्द वापरत नाही, 'तिला वाचायची दुसरी रीत शिकवणाऱ्या बाई आहेत' असं म्हणते. तुमच्या गटात अशी कुणी असेल तर तुम्हीही 'वेडं', 'मंद', 'ढ' हे शब्द बैठकीत वापरू नका. एवढं केलंत तरी ती आई बोलती होईल.

एक मला बघून बघून कळलंय, तेही बोलून टाकते. मुलाची चिठ्ठी आली की घर हलतं, उशिरा का होईना. मुलीची चिठ्ठी आली की 'बघू' होतं. रागावू नका, आपापल्या घरात आठवून बघा.

आता आपण गट म्हणून काय करायचं? आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे, शिक्षण आहे. दर बैठकीत आपण ती म्हणतो. बचत किती, कर्ज किती, हप्ता कुणाचा थकला, हे विचारतो. त्यातच एक प्रश्न घालूया: कुणाच्या लेकराला चिठ्ठी मिळालीय आणि ते जाऊन आलं का? इतिवृत्तात एक ओळ लिहायची. लेकराला काय झालंय ते लिहायचं नाही, सगळ्यांसमोर विचारायचंही नाही, ते त्या घराचं आहे. फक्त गेलं की नाही एवढंच. आणि नाही गेलं तर का नाही, ते एकीने घरी जाऊन विचारायचं. भाडं नाही म्हणून? सोबत नाही म्हणून? भीती वाटते म्हणून? तिन्हीची औषधं वेगवेगळी आहेत.

सोबतीचं मला फार वाटतं. मोठ्या दवाखान्यात गेलं की आपण बावरतो. केसपेपर कुठे, खिडकी कोणती, कुणी खेकसलं तर परत फिरायचं. दोघी गेल्या की तसं होत नाही. शक्य झालं तर दोन-तीन लेकरांना एकाच दिवशी न्यायचं. तपासणी पथकाचीही काही वेळा गाडीची सोय असते, विचारायला काय जातं?

शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या बऱ्याच जणी आहेत. कायद्यानेच त्या समितीत पाऊण भाग पालक असतात आणि निम्म्या बाया. सही करायला बोलावतात, आपण सही करून येतो. पुढच्या वेळी सही करायच्या आधी दोन गोष्टी विचारा. यंदा तपासणीची गाडी कोणत्या तारखेला येणार? आणि ती तारीख दिवाळीच्या आधी घेता येईल का? आपल्या भागात ही गोष्ट गुरुजींना पटते, त्यांनाही पट रिकामा दिसतो. जी लेकरं हंगामी वसतिगृहात गावातच राहणार आहेत त्यांची नंतर झाली तरी चालेल. आधी जाणाऱ्यांची करा.

आणि जाणाऱ्यांनो, तुम्ही शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेताच, ते तिकडच्या शाळेत दाखवायला. त्याच्याच पिशवीत चिठ्ठी, आधीचे केसपेपर आणि औषधाचं रिकामं पाकीट ठेवा. सगळ्याचा मोबाईलवर फोटो काढून मुलाच्या नावाने जपून ठेवा, कोपीत पाणी शिरलं की कागद जातात. तिकडे फडावर लेकरू आजारी पडलं आणि डॉक्टरने विचारलं 'आधी काय चालू होतं?' तर 'पांढरी गोळी' असं सांगायची वेळ येऊ नये.

माझी पंधरा मिनिटं कधीच संपली, अध्यक्षताई घड्याळाकडे बघतायत. दोन कामाच्या गोष्टी आणि बसते. एक, जोखीम निधीतून दवाखान्याचं भाडं देताना थकबाकी आड येऊ द्यायची नाही, असा ठराव आज मांडावा अशी माझी विनंती आहे. किती रक्कम, किती मुदत, ते तुम्ही ठरवा. निधी तुमचा आहे, माझा नाही. दुसरं, ज्यांच्या घरात चिठ्ठी पडून आहे, यंदाची असो की दोन वर्षांपूर्वीची, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटा. चिठ्ठी हरवली असेल तरी या, लेकराचं नाव आणि शाळा सांगा. येत्या मंगळवारी आम्ही तालुक्याला जाणार आहोत, जीपमध्ये अजून पाच जागा आहेत. मी बाहेर चिंचेखाली वही घेऊन बसते.